दोन हो, एक नाही

रंजिता गावित हे तिचं खरं नाव नाही. नावं मी बदलली आहेत, बाकी काही बदललेलं नाही. वय सव्वीस, घर नवापूरच्या बाजूच्या डोंगरात, गुजरातच्या हद्दीला लागून. मी एका सरकारी दवाखान्यात समुपदेशक आहे. रक्त तपासायच्या आधी माणसाला बसवून बोलायचं आणि तपासल्यावर पुन्हा बसवून बोलायचं, हे माझं काम. पंधरा वर्षं तेच करते आहे. माझ्या खोलीला लोक ‘शेवटची खोली’ म्हणतात, कारण एचआयव्हीची खोली म्हणायला जीभ रेटत नाही. माझं माहेर शहाद्याकडचं, तापीकाठचं, केळी-पपई लावणाऱ्या लोकांचं. जीभ तिखट आहे हे मला माहीत आहे आणि ती आवरत नाही हेही माहीत आहे.

रंजिता पहिल्यांदा आली ती भर पावसाळ्यात, नवऱ्याच्या मागून. नवरा शमुवेल तिच्याहून चार वर्षांनी मोठा, सडपातळ, फार बोलत नाही. त्याचा ताप महिनाभर उतरत नव्हता म्हणून रक्त तपासलं आणि एचआयव्ही निघाला. मग तिचं तपासलं. तिला काही नव्हतं. एकाच बाकावर बसलेल्या दोन माणसांच्या हातात दोन वेगळे कागद द्यायचे, यापेक्षा वाईट काम माझ्या नोकरीत दुसरं नाही. आजार कुठून आला ते मी विचारत नाही, तसा नियमच आहे. रंजितानेही विचारलं नाही. तिला कोणता नियम नव्हता, पण तिने विचारलं नाही.

शमुवेलचे उपचार सुरू झाले, रोज एक गोळी. त्याच्या रक्तातला विषाणू दबायला काही महिने लागणार होते. तोवर तिला लागण होऊ नये म्हणून तिलाही रोज एक गोळी सुरू केली, प्रतिबंधाची. तिची बाटली वेगळी, औषध वेगळं. मी दोघांना समोर बसवून समजावलं. तिची गोळी तिला राखते. त्याची गोळी त्याला तर राखतेच, पण त्याचा विषाणू एकदा दबला की तिलाही राखते, त्याच्याकडून तिला मग काही होत नाही. दोघांनी माना हलवल्या. माझा घसा बसेपर्यंत मी बोलले आणि मला वाटलं, झालं आपलं काम.

दिवाळीनंतर ते बारडोलीकडे ऊसतोडीला गेले. त्या दिवसांत इथल्या डोंगरातली निम्मी घरं बंद असतात. चार वर्षांची काजल आजीकडे, म्हणजे शमुवेलच्या आईकडे, मोगराबाईकडे राहिली. ऊसतोडीत माणसं एकेकटी धरत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती मोळ्या बांधते. एखाद्या दिवशी एकाला उठवत नसेल तर दुसऱ्याने त्याचंही ओढायचं, मुकादमाला संध्याकाळी कोयता पुरा दिसला म्हणजे झालं. लग्न झाल्यापासून सहा वर्षं हे दोघं असेच जात होते आणि त्यांचा कोयता कधी मोडला नव्हता. शमुवेलला ताप असायचा तेव्हासुद्धा नाही.

नाताळला ते घरी आले, तेव्हा दोघांना तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या देऊन मी परत पाठवलं. मग होळीच्या सुमाराला कायमचे परतले. मी प्रत्येकाच्या उरलेल्या गोळ्या मोजते. शमुवेल म्हणाला, त्याची बाटली मागच्या आठवड्यात मुक्काम हलवताना राहून गेली. मी त्याला चांगलं झापलं. रंजिताची बाटली मात्र चोख होती, जितके दिवस गेले तितक्याच गोळ्या कमी. मी तिला शाबासकी दिली आणि बघ, बायकोकडून शीक, असं त्याला वर ऐकवलं. ती शाबासकी आठवली की आजही माझे कान गरम होतात.

तिचं रक्त घेतलं. आमचा तपासणीवाला जोसेफ, त्याच डोंगरातला, कामाला अगदी काटेकोर. त्याने अर्ध्या तासाने मला आत बोलावलं. तपासणीच्या तीन वेगवेगळ्या पट्ट्या असतात. पहिलीवर रेघ होती. दुसरीवर होती, पण इतकी फिकी की जोसेफने ती खिडकीपाशी नेऊन बघितली, मग ट्यूबलाइटखाली धरली, मग माझ्याकडे दिली. तिसरी कोरी होती. दोन हो म्हणत होत्या, एक नाही म्हणत होती. अशा वेळी कागदावर पॉझिटिव्हही लिहीत नाहीत आणि निगेटिव्हही लिहीत नाहीत. अनिर्णीत असं लिहितात आणि तीन आठवड्यांनी परत बोलावतात.

मी तिला ते सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे आहे का नाही? मी म्हटलं, आत्ता सांगता येत नाही. मग कोणाला सांगता येतं, असं तिने विचारलं, आणि तिच्या विचारण्यात राग नव्हता. तिला खरंच वाटत होतं की कुठेतरी असा माणूस असेल आणि त्याच्याकडे जावं.

डॉक्टरांनी प्रतिबंधाची गोळी चालू ठेवायला सांगितली. पेच असा होता की ती गोळी लागण होऊ देत नाही, पण चुकूनमाकून लागण झालीच असेल तर ती पट्टीवर दिसायला उशीर लावू शकते. गोळी बंद करावी तर लागण व्हायची भीती, घ्यावी तर खरं दिसायला उशीर. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशातली गत. हे मी तिला सांगत होते तेव्हा तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं, आणि मग विचारलं.

“मॅडम, हे रोज घेतली तर होतं, का एक दिवसाआड घेतली तर?”

एक दिवसाआड कोण घेतंय, मी म्हटलं. मग सगळं बाहेर आलं. शमुवेलची बाटली मागच्या आठवड्यात नव्हे, जानेवारीतच गेली होती. टोळीचा मुक्काम हलला, सामान ट्रॅक्टरवर चढलं आणि बाटलीचं पोतं जुन्या खोपीत राहिलं. तिकडच्या सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळाल्या असत्या, पण त्यासाठी मुकादमाला कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगितल्यावर त्यांच्या खोपीशेजारी कोणी खोपी बांधली नसती. म्हणून दोन महिने दोघं तिच्याच बाटलीवर राहिले. एक दिवस तो घ्यायचा, एक दिवस ती. बाटलीतून रोज एकच गोळी जात होती, म्हणून माझी मोजणी बरोबर आली होती.

“अय माय, हाई काय करी बसनी तू,” मी ओरडले. रागावले की माझ्या तोंडातून अहिराणीच निघते. ती घाबरली नाही. ती शांतपणे म्हणाली, तुम्हीच सांगितलं होतं की एकाची गोळी दुसऱ्यालाही राखते. तो पडला तर मी त्याचा ऊस तोडते, तशी माझी गोळी त्याला दिली. कोयता तर एकच आहे.

तिच्या बाटलीत दोन औषधं, त्याच्या बाटलीत तीन, आणि अर्ध्या-अर्ध्याने दोघांपैकी कोणीच राखलं जात नाही, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. असं कोणी करील हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तापीकाठच्या आमच्या घरांत बायको नवऱ्याला काहीही देते, पण दवाखान्याच्या बाटलीवर दोघांचा सारखा हक्क असतो असं कोणाला सुचत नाही. चूक तिची होती म्हणावं तर तिची, माझी म्हणावं तर माझी. शमुवेलला नवी बाटली दिली, तिला नवी बाटली दिली, आणि दोघांना पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं.

त्या तीन आठवड्यांत तिने मला बावीस वेळा फोन केला. फोन करायला तिला घरामागच्या टेकडीवर चढावं लागतं, खाली रेंज नाही. प्रत्येक वेळी एकच विचारायची, की आज अमुक झालंय, हे त्याचं लक्षण आहे का. घसा दुखला. जिभेवर पांढरं दिसलं. मोहाची फुलं वेचताना घाम जास्त आला. मी म्हणायचे, अगं या उन्हात मलाही घाम येतो. ती हसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. रेशनच्या दुकानातल्या धान्याच्या काट्यावर तिने स्वतःला दोनदा तोलून घेतलं. दुकानदार म्हणाला, बाई, अंगठ्याच्या मशिनवर तुझी पण थम लावू का?

पण घरात ती जे करत होती ते हसण्यासारखं नव्हतं. तिने आपलं ताट वेगळं केलं. काजलला आपल्या ताटातून भरवणं बंद केलं. पोरीची सवय अशी की आईच्या भाकरीचा मधला मऊ भाग तिला हवा, आणि आई आता ताट उचलून दुसऱ्या कोपऱ्यात बसायची. खाण्यातून हा आजार लागत नाही हे रंजिताला पाठ होतं, शमुवेलच्या ताटात ती कितीदा जेवली होती. त्याच्याबद्दल तिला कधी भीती वाटली नाही. स्वतःबद्दल वाटत होती. मोगराबाईला वाटलं, सून घमेंडखोर झाली. तिला आजाराचं नाव माहीत नव्हतं, पोराला रक्ताचा विकार आहे एवढंच सांगितलं होतं.

ईस्टर झाल्यावर दुसरी तपासणी झाली. पुन्हा तसंच. पहिली पट्टी हो, दुसरी फिकी हो, तिसरी कोरी. जोसेफने तिन्ही माझ्यासमोर ठेवल्या आणि चष्मा काढून डोळे चोळले. आता रक्त मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचं होतं, तिथे खुद्द विषाणूच शोधतात. त्याला महिना-सव्वा महिना लागतो. मला तोपर्यंत कधी झालं नव्हतं ते झालं. घरी तवा घासताना, नाहीतर केस विंचरताना आरशात भांग दिसला की मला ती फिकी रेघ दिसायची, आणि ती आहे की नाही हे बघत मी उगाच थांबायचे.

याच दिवसांत तिने आपल्या भावाला सांगितलं. भाऊ योहान हद्दीपलीकडे वायरमन आहे, बहिणीवर जीव आहे त्याचा. तो एका रविवारी आला आणि शमुवेलच्या समोरच बोलला. तुझं नीट निघालं तर मी तुला घ्यायला येतो, म्हणाला, इथे राहून मरू नको. आणि नीट नाही निघालं तर, असं तिने विचारलं. तो म्हणाला, मग बघू. त्या डोंगरात बाई नवरा सोडून माहेरी आली तर आमच्याकडच्यासारखं नाक कापलं जात नाही. पंच बसतात, पास्टर चार गोष्टी सांगतो, आणि वर्ष-दोन वर्षांत तिला दुसरं घर करता येतं. म्हणजे योहान नुसतं बोलायचं म्हणून बोलला नव्हता. रंजिता मला हे सांगत होती तेव्हा शमुवेल शेजारीच बसला होता आणि भिंतीवरचं पोस्टर वाचत होता. ते पोस्टर त्याने निदान वीस वेळा वाचलं असेल.

तू जाशील का, असं मी तिला तो बाहेर गेल्यावर विचारलं. समुपदेशकाने असं विचारू नये, पण विचारलं. ती म्हणाली, मी कुठे जाऊ, तो एकटा गोळी घ्यायचा नाही. हे ती इतक्या सहज बोलली की मी पुढे विषय काढला नाही.

सून झुरतेय हे दिसल्यावर मोगराबाईने तिच्यासाठी दर बुधवारी अंगणात प्रार्थना ठेवली. वीस-पंचवीस माणसं जमायची. त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत सगळे एकाच वेळी मोठ्याने आपापली प्रार्थना करतात, मावची बोलीत, डोळे मिटून, हात वर करून. आवाजावर आवाज चढतो आणि कोण काय मागतंय ते कोणालाच कळत नाही. लोक तिथे मोकळे होतात, रडतात, घरी जाऊन नीट झोपतात. रंजिता मात्र त्या बुधवारांनंतर आणखीच सुकत गेली. एकदा म्हणाली, मॅडम, बुधवार आला की माझे हात गार पडतात. मला वाटलं, निकालाची भीती. मी तिला दीर्घ श्वास घ्यायला शिकवलं. नाकाने घे, तोंडाने सोड. पंधरा वर्षांचा माझा अनुभव तो एवढाच.

फोनही बंद झाले. बावीस फोन करणारी बाई महिन्यात एकदाही टेकडीवर चढली नाही. मी शमुवेलला फोन केला तर तो म्हणायचा, बरी आहे, पण बोलत नाही. गोळी घेते का? घेते. तू घेतोस का? घेतो, ती समोर उभी राहते. त्याचा आवाज एवढासा झालेला असायचा. मला वाटायचं, किती काळजी आहे बिचाऱ्याला.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात कागद आला. जोसेफने तो माझ्या खोलीत आणून टेबलावर ठेवला. विषाणू सापडला नाही. तिच्या रक्तात दुसरंच काहीतरी असावं ज्याने पट्ट्या फसल्या, असं डॉक्टर म्हणाले. पक्केपणासाठी तीन महिन्यांनी अजून एकदा बघायचं, पण घाबरायचं कारण उरलं नव्हतं. मी खुर्चीत बसूनच रडले. जोसेफ म्हणाला, मॅडम, तुम्ही रडलात तर त्यांना काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी ती दोघं आली. योहानही आला होता, बाहेर मोटारसायकल लावून लिंबाखाली उभा होता. नियमाप्रमाणे मी आधी तिला एकटीला आत घेतलं आणि सांगितलं. ती कागदाकडे बघत राहिली. मला वाटलं होतं ती हसेल, रडेल, माझा हात धरेल. तिने फक्त विचारलं, पक्कं ना, आणि मी पक्कं म्हटल्यावर म्हणाली, त्याला बोलवा, त्यालाही तुम्हीच सांगा.

शमुवेल आत आला. मी सांगितलं. तो उभा होता तो बाकावर बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग त्याने ओठ ओले केले आणि म्हणाला, देवाने ऐकलं, मी हेच मागत होतो.

रंजिता त्याच्याकडे वळली. पुढचं ती मावचीत बोलली, पण तेवढी मावची मला पंधरा वर्षांत यायला लागली आहे. आवाज चढला नव्हता. काजलशी बोलते तशी ती बोलत होती.

“नाही. तू हे मागत नव्हतास. सगळे ओरडायचे तेव्हा मी तुझ्या शेजारी बसलेली असायचे. प्रभू, तिलाही दे, म्हणजे ती जाणार नाही, हे मागायचास तू.”

शमुवेलने मान वर केली नाही. मलाही खाली बघावंसं वाटलं. बाहेर कोणीतरी क्षयरोगाच्या खिडकीवर नंबरावरून भांडत होतं आणि ते सगळं ऐकू येत होतं.

“पहिल्या बुधवारी ऐकलं तेव्हा वाटलं, घाबरलाय, चुकून बोलला. मग दर बुधवारी मी माझी प्रार्थना केलीच नाही. नुसती ऐकत बसायचे, आज तरी दुसरं मागतोस का.”

तो म्हणाला, मी एकटा पडलो असतो. ती म्हणाली, मी जाणार नव्हते. माझी तिखट जीभ त्या दिवशी कुठे गेली होती कोण जाणे. मला त्याला बोलायचं होतं, अरे, ही दोन महिने आपल्या तोंडातली गोळी तुला देत होती. पण तो इतका लहान होऊन बसला होता की मला ते जमलं नाही. मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. ग्लास तसाच राहिला.

रंजिताने कागदाची घडी घातली, ब्लाउजमध्ये ठेवली, आणि मला पुढच्या तपासणीची तारीख विचारून घेतली. जाताना त्याला म्हणाली, रात्री जेवल्यावर घे, उपाशी पोटी तुला मळमळतं. मग ती बाहेर गेली. थोड्या वेळाने मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी ती काजलला न्यायला आली, तेव्हा मोगराबाईने काही न विचारता पोरीचे कपडे बांधून दिले, असं मला नंतर जोसेफने सांगितलं.

तीन महिने झाले. तिची शेवटची तपासणीही झाली, तिन्ही पट्ट्या कोऱ्या. ती आता भावाकडे आहे, गोळी बंद आहे, अंगाने भरली आहे. माझ्याशी बोलताना ती अजून मधेच गप्प होते आणि कान देऊन बसल्यासारखी बसते. मी तिला कशासाठी ते विचारत नाही.

शमुवेल दर महिन्याला येतो. त्याची तारीख मी मुद्दाम दुसऱ्या आठवड्यात ठेवली आहे. एक गोळी चुकत नाही त्याची, विषाणू दबला आहे, वजन वाढलं आहे. बाटली घेऊन तो उठतो, दारापर्यंत जातो आणि तिथे थांबून दर वेळी विचारतो, मॅडम, तिला काही निघालं नाही ना? दुसऱ्याचा निकाल सांगता येत नाही, हे मी त्याला दर वेळी सांगते. तो मान हलवून तसाच उभा राहतो, आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत बसते. त्याला माझ्याकडून ‘निघालं’ ऐकायचं आहे की ‘नाही निघालं’, ते मला अजून कळलेलं नाही.